बशी, मान आणि दोन नॅसेल: उद्यमनगरातल्या एंटरप्राइझ किटबद्दल

फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणाऱ्यांकडे आता थ्रीडी प्रिंटर आलेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या अशाच एका पॅटर्नशॉपमध्ये दिवसा पंपाच्या केसिंगचे पॅटर्न छापतात आणि रात्री ‘स्टार ट्रेक’च्या मूळ अमेरिकी टीव्ही मालिकेतलं एंटरप्राइझ हे अंतराळयान. किटचं प्रमाण १:६५०, जुळवल्यावर लांबी ४४ सेंमी, किंमत १,९५० रुपये. रंग दिलेला नसतो. डब्यात पीएलए प्लास्टिकचे १७ भाग, स्टिकरचा एक कागद आणि जुळणीचं एक पान मिळतं.

बशी, म्हणजे यानाचा पुढचा गोल चपटा भाग, नाद खुळा आहे. नॅसेल, म्हणजे इंजिनांची दोन लांब नळकांडी, देखण्या आहेत. नॅसेलना धडाशी बांधणारे खांब मात्र कमकुवत आहेत. पानावर सांगितलंय तसंच सगळं चिकटवलं तर दीड-दोन महिन्यांत दोन्ही नॅसेल दुपारच्या उन्हातल्या केळीच्या पानासारख्या खाली कलतात. हा दोष शंभर रुपयांत आणि एका रविवारात निघतो, पण जोडायच्या आधी. एकदा अरल्डाइट सुकला की मग खांब कापूनच काढावा लागतो.

नॅसेल कलण्याचं सगळं खापर दुकानावर फोडता येणार नाही, अर्धा दोष यानाच्या आकाराचा आहे. हे यान पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण एकच विचारतो: हे असं का? परातीला मान फुटलीय, मानेखाली लांबट धड, आणि धडातून दोन हात वर काढून दोन नळकांडी उचलून धरलीत. कोल्हापुरात या प्रश्नाला मिळणारी उत्तरं ऐकण्यासारखी असतात आणि त्यातली काही किट जोडताना खरोखर उपयोगी पडतात.

पहिला तर्क गुऱ्हाळाचा. बशी म्हणजे काहील, नॅसेल म्हणजे धुराडी, आणि खालचं धड म्हणजे चुलवाण. गुळव्या वर, जळव्या खाली चिपाडं ढकलतोय. चित्र झकास जमतं, पण एका ठिकाणी अडतं. काहील चुलवाणावर बसलेली असते आणि बशी इंजिनापासून जितकी लांब नेता येईल तितकी लांब नेलेली आहे. त्यापेक्षा शिरोलीची फाउंड्री डोळ्यांपुढं आणा. भट्टी शेडच्या एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या टोकाला. यानाचा आराखडा करणाऱ्या मॅट जेफ्रीजचा विचार नेमका हाच होता. इतकी ताकदवान इंजिनं माणसांच्या जवळ असणं धोक्याचं, म्हणून ती खांबांवर लांब काढली. माणसं राहायची जागा आधी गोळ्याच्या आकाराची होती, ती दाबत दाबत बशी झाली. यानाला रॉकेट नको, शेपटाचे पंख नकोत, आगीचे लोळ नकोत, असं निर्माता जीन रॉडनबेरीचं सांगणं होतं. ते सगळं वजा केल्यावर जे उरलं ते हे.

दुसरा तर्क तालमीतला. दोन्ही हातांत मुद्गलांची जोडी उचललेला पैलवान म्हणजे एंटरप्राइझ: नॅसेल ही जोडी, खांब हे हात, आणि बशी म्हणजे पुढं काढलेलं डोकं. हा तर्क मानेपाशी हरतो. पैलवान ओळखायचा तो मानेवरून आणि कानावरून, आणि या यानाची मान समोरून बघितली तर जेमतेम दिसते. पण जोडीचा मुद्दा पक्का आहे. १९८० च्या दशकातल्या पुढच्या मालिकेच्या वेळी आराखड्यांचा नियमच सांगितला जायचा की नॅसेल जोडीनंच असाव्यात आणि एकमेकींना दिसाव्यात, मधे आडकाठी नको. त्याआधी, १९७५ मध्ये, चाहत्यांच्या हाती आलेल्या आराखड्यांत एका नॅसेलची यानंही होती आणि त्यावरून अजूनही वाद रंगतात. वादात कुणाचीही बाजू घ्या, जोडणाऱ्याला त्यातून एक गोष्ट शिकता येते. दोन नॅसेल एकमेकींना ‘दिसतात’ म्हणूनच त्यांच्यातला फरकही लगेच दिसतो. एक जरी अर्धा अंश वाकडी बसली तरी दारातून आत येणाऱ्याला तेवढंच दिसतं.

बशी गोल आहे म्हणजे ती फिरत असणार आणि त्यातून गुरुत्व तयार होत असणार, असंही काही जण ठामपणे सांगतात. ते टिकत नाही. फिरत्या चाकात माणसाचे पाय कडेकडे आणि डोकं मध्याकडे असतं, म्हणजे मजले गोल कांद्याच्या पापुद्र्यांसारखे लागतील. एंटरप्राइझचे मजले चाळीसारखे एकावर एक आहेत. गुरुत्व यंत्रानं तयार होतं, हे मालिकेनं गृहीतच धरलंय.

सगळ्यात भारी तर्क कोलांटीचा. कमी वेगाची, म्हणजे इंपल्स इंजिनं बशीच्या मागच्या कडेला आहेत. धड खाली लटकलेलं. ढकल वरून आणि वजन खाली, मग यान पुढं जायच्या ऐवजी नाक खाली घालून कोलांट्या मारत सुटेल, असं म्हणतात. हा तर्क किटवर तपासता येतो आणि तपासावाच, कारण पुढं स्टँड बसवताना हाच आकडा लागतो. जुळवलेलं यान शिवणाच्या दोऱ्यानं बशीच्या पुढच्या टोकाला बांधून लटकवा, शेजारी ओळंबा सोडा आणि बाजूनं फोटो काढा. मग एका नॅसेलला नको, दोन्ही नॅसेलच्या मागच्या टोकांना मिळून दोरा बांधून पुन्हा लटकवा आणि फोटो काढा. दोन्ही फोटोंवर ओळंब्याची रेघ मारली की त्या जिथं छेदतात तिथं तोल. या किटमध्ये तो बशीच्या पुढच्या कडेपासून साधारण २१ सेंमीवर येतो. म्हणजे मानेच्या मागं, धडाच्या वर, चक्क हवेत. आणि उंची? बशीच्या पातळीच्या किंचित खाली. धड तोल खाली ओढतं तितकाच तो नॅसेल वर उचलतात, आणि इंपल्स इंजिनांची ढकल जवळपास तोलाच्या रेषेतच पडते. बघताना विचित्र वाटणारे ते दोन उंच हात काढून टाकले तर कोलांटी नक्की. खऱ्या यानाचं वजन कुठं किती ते कुणी मोजलेलं नाही, पण प्लास्टिकपुरता तरी हा वाद मिटतो.

आता भागांकडे.

बशीचा व्यास १९५ मिमी. या दुकानात २२० मिमी चौरस टेबलाचे प्रिंटर आहेत, त्यामुळे बशी तुकडे न करता छापता येते. १:६५० हे प्रमाण निवडण्यात हा मोठा शहाणपणा आहे. त्याहून मोठं घेतलं असतं तर बशीवर आडवा जोड आला असता आणि सपाट पृष्ठावरचा जोड कधीच पूर्ण लपत नाही. वरचा आणि खालचा असे बशीचे दोन भाग येतात. कडा कुठंही उचललेल्या नाहीत, म्हणजे टेबलाचं तापमान आणि ब्रिम (भाग टेबलाला चिकटून राहावा म्हणून भोवती छापलेली पातळ कड) नीट सांभाळलंय. जाडी १.६ मिमी, हातात घेतल्यावर भरीव वाटते.

बशीत त्रास एकच, पायऱ्यांचा. बशीचा उतार अगदी सौम्य आहे आणि सौम्य उतारावर प्रिंटरचे थर डोंगराच्या नकाशावरच्या रेषांसारखे रुंद रुंद दिसतात. थर ०.१२ मिमीचा असला तरी दिसतात. त्या घासून काढायला जाल तर उतारच बदलतो. घासण्याआधी भरा. गाड्या रंगवणाऱ्यांकडची एनसी पुट्टी पत्र्याच्या पातळ पट्टीनं मध्याकडून कडेकडे ओढायची, अर्धा तास थांबायचं, आणि २२० नंबरच्या वॉटर पेपरनं पाणी लावून गोल गोल नाही, तर मध्याकडून कडेकडे घासायचं. पुट्टीचे दोन हात लागतात. कोरडं आणि जोरात घासू नका. पीएलए घर्षणानं तापून मऊ होतं, कागदाला चिकटतं आणि पृष्ठावर लोळ्या उठतात.

बशीवर चौकटींची जाळी खोदायचा मोह होतो, तो टाळा. चित्रीकरणासाठी बनवलेल्या ११ फुटी मॉडेलच्या बशीवर ती जाळी पेन्सिलनं आखलेली होती, आणि टीव्हीवर ती जवळपास दिसतही नसे. बाजारातल्या बऱ्याच किटमध्ये तीच जाळी खोदून दिलेली असते आणि यान फरशी बसवल्यासारखं दिसतं. उद्यमनगरच्या दुकानानं बशी गुळगुळीत ठेवली, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क. रंग सुकल्यावर टोकदार २एच पेन्सिलनं हलक्या हातानं रेघा मारा आणि वरून मॅट क्लिअर द्या.

नॅसेल प्रत्येकी २३६ मिमी लांब आणि दोन तुकड्यांत येते, मधे पिन. उभी छापली तर उंची पुरते, पण इतका बारीक उंच भाग वरच्या थरांना जाईपर्यंत डुलायला लागतो आणि अंगावर कडी पडल्यासारख्या रेघा येतात. त्यामुळे दोन तुकडे करणं बरोबर. पिन मात्र सैल आहे, ०.३ मिमीचा खेळ आहे. पिनेवर एक थर मास्किंग टेप गुंडाळा, मग घट्ट बसते. चिकटवल्यावर नॅसेल काचेवर लोळवून बघा, जोड सरळ नसेल तर ती लंगडत लोळते.

आणि आता खांब. दुकान खांब उभे छापतं, कारण तसे छापले की आधार द्यावा लागत नाही आणि वेळ वाचतो. पण त्यामुळे थर आडवे पडतात. एका नॅसेलचं वजन ६० ग्रॅमच्या आसपास आणि ते धडापासून बाजूला सहा सेंमीवर लटकतं. वजन थोडंच आहे, पण ते रात्रंदिवस एकाच बाजूला ओढतं. खांबावर नख फिरवा, ज्या दिशेनं रेघा जाणवतात त्याच दिशेनं तो उकलतो. शिवाय पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं आणि त्याच्या बऱ्याच खालीही सततच्या ओझ्यानं हळूहळू वाकत राहतं. एप्रिलमध्ये पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ठेवलेलं यान महिन्याभरात हात टेकतं. बंद गाडीत किंवा मोपेडच्या डिकीत उन्हात ठेवलं तर एका दुपारीच.

पहिला उपाय फुकट आहे. ऑर्डर देतानाच सांगा की खांब आडवे झोपवून, आत पोकळी न ठेवता भरीव छापा. जादा पैसे घेत नाहीत, फक्त एक दिवस जास्त लागतो. हे पानावर कुठं लिहिलेलं नाही, तिथंच लिहायला हवं होतं.

दुसरा उपाय सायकलच्या स्पोकचा. साधा स्पोक २ मिमी जाडीचा असतो आणि कुठल्याही सायकल दुकानात मिळतो. खांब ४ मिमी जाड आहे. त्यात लांबीभर भोक पाडायच्या भानगडीत पडू नका. हातातल्या ड्रिलनं बिट सहा सेंमीत हमखास भरकटतं आणि बाजूनं बाहेर येतं. त्याऐवजी खांबाच्या आतल्या अंगाला, म्हणजे दुसऱ्या नॅसेलकडे तोंड असलेल्या बाजूला, हॅक्सॉच्या ब्लेडनं लांबीभर २ मिमी रुंद आणि तितकीच खोल खाच काढा. स्पोकचा ८५ मिमीचा तुकडा कापा, ६० नंबरच्या कागदानं खरवडून खडबडीत करा, नाहीतर चकचकीत स्टीलवर अरल्डाइट पकडत नाही. धडात १५ मिमी आणि नॅसेलमध्ये ८ मिमी खोल भोकं पाडा. स्पोक खाचेत बसवा, वरून एम-सील दाबा, ओल्या बोटानं सपाट करा.

अरल्डाइट हळू सुकणाराच घ्या. पाच मिनिटांत धरणाऱ्यात नॅसेल सरळ करायला वेळच मिळत नाही. रेझिन आणि हार्डनर मापानं सारखे, आणि काडीनं पूर्ण एक मिनिट घोटायचं. अर्धवट घोटलेला अरल्डाइट आठवड्यानंतरही चिकट राहतो आणि मग माल खराब म्हणून ओरड होते. फेवीक्विक फक्त जागेवर टिपून धरायला वापरा, तो ठिसूळ असतो, झटका बसला की सुटतो.

सुकताना यान उलटं ठेवा. जाड काचेवर दोन्ही नॅसेलच्या पाठी टेकतील असं यान पालथं घाला, बशीखाली दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या वह्यांची चळत लावा. आता नॅसेल काचेनं सपाटच धरल्यात, वजन त्यांना ओढत नाही. व्हर्नियरनं दोन नॅसेलमधलं अंतर पुढं आणि मागं मोजा, फरक अर्ध्या मिमीच्या आत हवा. मग प्रत्येक नॅसेलच्या पुढच्या घुमटापासून बशीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, तेही दोन्हीकडे सारखं. चोवीस तास हात लावायचा नाही.

यान उलटं धरण्याला जुना आधारही आहे. जेफ्रीजनं सुरुवातीला एक कच्चं लाकडी मॉडेल झटपट केलं होतं, बशी-धड हलक्या बाल्साचं आणि नॅसेल जड बर्चच्या. दोऱ्यानं लटकवलं की ते जड नॅसेल खाली घेऊन उलटंच फिरायचं, आणि रॉडनबेरीला ते उलटंच आवडलं होतं. त्याचं मन वळवून ते सरळ करून घ्यावं लागलं. वजन आणि दिसणं यांची ही ओढाताण पहिल्या दिवसापासूनची आहे.

ज्यांना नॅसेलचे पुढचे लाल घुमट पेटवायचेत त्यांची अडचण वेगळी. स्पोकनं खाच अडवली की तार न्यायला वाट उरत नाही. तिथं स्पोकऐवजी २ मिमी बाहेरच्या मापाची पितळी नळी घाला. स्टीलइतकी ताठ नसली तरी पुरते. तिच्यातून ०.२ मिमीची एनॅमल तार दोन पदरी जाते, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात सुटी मिळते. नळीचं टोक कानशीनं गोल करा, नाहीतर धारेवर एनॅमल खरवडतं आणि आतल्या आत शॉर्ट होतं. मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर एका लाल एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर लावला की साधारण १४ मिलीअँपिअर जातो, ५ मिमीच्या एलईडीला भरपूर. दुकानाचे घुमट दुधी प्लास्टिकचे आहेत आणि उजेड छान पसरवतात. मूळ मॉडेलमध्ये घुमटांच्या आत नाताळच्या झाडाचे दिवे आणि फिरणारी मोटर होती, त्यावरूनच ती लखलख आली.

वायर बाहेर काढताना यानाची डावी बाजू निवडा. ११ फुटी मॉडेलच्या दिव्यांच्या तारा डाव्या अंगानं बाहेर येत, ती बाजू पूर्ण सजवलेलीच नव्हती, आणि म्हणून मालिकेत यान बहुतेक उजव्या अंगानं दिसतं. ते मॉडेल १९६४ च्या अखेरीस तयार झालं, १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनकडे गेलं आणि तिथल्या हवाई-अंतराळ संग्रहालयात आजही आहे. कपाटात यान ठेवताना डावी बाजू भिंतीकडे राहिली तर तुमचं भोक कुणाला दिसत नाही आणि डोळ्यांना सवय असलेला कोनही तोच मिळतो.

रंगाचं मुख्य पथ्य म्हणजे हवा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात स्प्रे करू नका. थिनर उडताना पृष्ठ थंड पडतं, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढरट धुकं येतं. दिवाळी ते होळी, दुपारी अकरा ते तीन, ही वेळ उत्तम. आधी करडा सरफेसर, मग ४०० आणि ६०० नंबरनं घासणं, मग रंग. रंग पांढराशुभ्र नको. मूळ मॉडेल फिकट करडं होतं, किंचित हिरवट झाकेचं. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात ही छटा मिसळून मिळते, दोनशे मिली पुरेसा होतो. पातळ तीन हात, दोन हातांत दहा मिनिटं. एकाच जाड हातात उरकलं तर पुट्टीच्या कडा पुन्हा वर येतात.

स्टिकरचा कागद हा किटमधला दुसरा खरा दोष. विनाइल जाड आहे, कडा सावली टाकतात, आणि यानाच्या नोंदणी क्रमांकाची, एनसीसी-१७०१ ही अक्षरं कॉम्प्युटरवरच्या साध्या फाँटमध्ये आहेत. मूळ आकड्यांची ठेवण वेगळी आणि ती सहज ओळखू येते. शिवाय आकड्यांमागं विचार होता. जेफ्रीज स्वतः वैमानिक, अमेरिकेतल्या विमानांच्या नोंदणीतलं ‘एनसी’ त्यानं घेतलं, आणि लांबून एकमेकांसारखे दिसणारे ३, ६, ८, ९ हे आकडे मुद्दाम टाळले. इतकं वाचनीय करायला धडपडलेला नंबर जाड विनाइलवर मारून टाकणं वाईट वाटतं. पाण्यात सोडायच्या डिकल कागदावर लेझर प्रिंटरनं छापून घ्या. डिकलच्या जागी आधी ग्लॉस क्लिअर मारा, कारण मॅटवर खाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतो. वीस-तीस सेकंद पाण्यात, मग ब्रशनं सरकवायचं, कापसानं टिपायचं, आणि शेवटी मॅट.

दोन किट घेणाऱ्यांनी एक नंबर फिरवून १०१७ करावा. १९६७ च्या एका भागात कॉन्स्टेलेशन नावाचं दुसरं, मोडकं यान दाखवायचं होतं, तेव्हा एएमटी कंपनीचं बाजारात मिळणारं प्लास्टिक किटच वापरलं गेलं आणि १७०१ चे आकडे उलटसुलट करून १०१७ झाले. म्हणजे किट जोडणाऱ्यांचं काम पडद्यावर गेलेलं आहे. त्या यानाच्या नॅसेल मोडक्याच दाखवल्यात, त्यामुळे कललेल्या खांबांचं किट कुणाकडे पडून असेल तर त्याला हा मान देता येईल.

दुकानाची वागणूक चांगली आहे. तुटलेला एकेक भाग ८० रुपयांपासून बदलून मिळतो, फोटो पाठवला की दोन दिवसांत छापतात. पॅकिंगला मात्र शिस्त नाही. मान सुटी टाकतात आणि ती नॅसेलखाली दबून तिची टोकं चेपतात. घेतानाच डबा उघडून मान आणि बशीची कड बघा, काउंटरवरच बदलून देतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे किट एकट्यानं झेपणार नाही, ड्रिल आणि ब्लेडचं काम आहे, पण पुट्टी घासायला आणि डिकल सोडायला त्यांचे हात मोठ्यांपेक्षा बरे चालतात.

राहिला स्टँड. डब्यातला स्टँड प्लास्टिकचा आणि हलका, आणि त्याचं भोक धडाच्या मध्यावर, म्हणजे पुढच्या कडेपासून साडेतेवीस सेंमीवर. तोल तर एकवीसवर. यान नाक खाली घालतं आणि टेबलाला धक्का लागला की पुढं झोपतं. जुनं भोक एम-सीलनं बुजवा आणि २५ मिमी पुढं नवं पाडा. खाली १२ सेंमी चौरस आणि १० मिमी जाडीची लोखंडी पट्टी लावा. उद्यमनगरात असे कट-पीस भंगाराच्या भावानं मिळतात, वजन सव्वा किलोच्या आत. पट्टीत ४.२ मिमीचं भोक पाडून ५ मिमीचा आटा मारून घ्या, त्यात ५ मिमीचा रॉड उभा करा, आणि रॉड धडाच्या आत ज्या ठिकाणी टेकेल तिथं आधी एक नट अरल्डाइटनं बसवून ठेवा. हे सगळं धड बंद करायच्या आधीच करायचं, नंतर आत हात जात नाही.